भिंतीवरची बंदूक, माळ्यावरची बंदूक

आमच्या गावच्या घरात, पडवीतून आत आल्यावरच्या खोलीत, भिंतीवर दोन लाकडी खुंट्या आहेत. जमिनीपासून सात फूट उंच, एकमेकींपासून हात-दीड हातावर. आज त्यांच्यावर काहीच नाही. त्यांच्यामध्ये भिंतीवर एक तिरपी, फिकट पट्टी दिसते. वीसेक वर्षं तिथे धूर आणि धूळ पोचली नाही, कारण तिथे बंदूक होती.

गाव मालवण-आचरा रस्त्यावरून आत शिरल्यावर. तारकर्ली-देवबाग भरलं की उरलेले पर्यटक आमच्या बाजूला वळतात, म्हणून गेल्या वर्षी दोन खोल्या आम्ही निवास-न्याहारीसाठी काढल्या. पुण्यातली एक मैत्रीण इंटिरियरची कामं करते. तिला फोटो पाठवले, तर तिचं पहिलं उत्तर आलं, “त्या खुंट्यांवर जुनी बंदूक लाव. वर एक पिवळा दिवा. लोक त्याच्याखाली फोटो काढतील.” मी लिहिलं, बंदूक होती, आता घरात नाही. ती म्हणाली, मग खोटी लाव.

खोटी बंदूक लावायची कल्पना मला का झोंबली, याचा विचार करता करता हा लेख झाला. प्रश्न साधा दिसतो. घरात बंदूक असेल तर ती समोर भिंतीवर असावी की कुणाला दिसणार नाही अशी ठेवावी? आमच्या घराने दोन्ही करून पाहिलं आहे. दोन्हींत आम्ही चुकलो, आणि दोन्हींत थोडे बरोबरही होतो.

*

आधी बंदुकीविषयी. कोकणातल्या बंदुकीला सिनेमातल्या बंदुकीसारखा रुबाब नसतो. भारतात 1959चा शस्त्र कायदा आहे. त्यात दोन साध्या बंदुकांसाठी परवान्याची वाट जरा सोपी ठेवली आहे. एक, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक, नळी किमान 20 इंच. दुसरी, शेतीसंरक्षणासाठी ठासणीची. म्हणजे दारू, चिंध्या आणि छर्रे तोंडातून गजाने ठासून भरायची. आमच्याकडे होती ती पहिल्या प्रकारातली, एका नळीची, काडतुसाची. गावात तिला ‘सिंगल बार’ म्हणतात. मोतीबिंदू झाल्यावर आजोबांनी 1997 साली ती काकांच्या नावावर करून घेतली. मी त्याच वर्षी जन्मलो.

तिचं काम काय, तर आवाज करणं. भात पोटरीला आलं की रात्री डुकरं कुणग्यात उतरतात आणि एका रात्रीत वर्षाचा तांदूळ लोळवून जातात. दिवसा केलडी येतात, कोवळे नारळ तोडून टाकतात, आंब्याचा मोहर ओरबाडतात. आजोबा आकाशाकडे नळी करून एक बार काढत. माकडं दोन दिवस शेजाऱ्याकडे जात आणि मग शेजारी बार काढत असे. वन्यजीव कायदा 1972चा आहे. परवानगीशिवाय डुक्कर मारणं गुन्हा आहे हे आजोबांना पक्कं माहीत होतं. आमच्या बंदुकीने कधी काही मारलं का, या प्रश्नावर घरात आजही एकमत नाही. मी खोलात गेलेलो नाही.

ती भिंतीवर असे. काडतुसं आजोबांच्या पेटीत, पेटीची किल्ली त्यांच्या करगोट्याला. आम्हा मुलांना नियम एकच होता, हात लावायचा नाही. पण बघायला बंदी नव्हती. दसऱ्याला ती खाली यायची. आजोबा ती मधे मोडून नळी रिकामी असल्याचं आधी स्वतः बघायचे, मग आम्हा प्रत्येकाला नळीतून पलीकडचा उजेड दाखवायचे. खोबरेल लावून पुसायची, मग कोयता, नांगराचा फाळ, आडाळो आणि तिला एकाच पाटावर ठेवायचं, हळदकुंकू, झेंडूचं फूल. आता त्या पाटावर माझा लॅपटॉपही असतो. संध्याकाळी बंदूक पुन्हा खुंट्यांवर.

समोर ठेवण्याच्या बाजूने जे काही बोलता येईल ते सगळं या चित्रात आहे. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की बंदूक आहे, कुठे आहे, कशी दिसते आणि तिने काय होऊ शकतं. ती खुंटीवर नसेल तर येणारा-जाणारा, अगदी पोस्टमनसुद्धा विचारायचा, “बंदूक खंय गेली?” माझ्या कामात आम्ही सर्व्हरवर लक्ष ठेवायला डॅशबोर्ड लावतो आणि काही गायब झालं की अलार्म वाजतो. आजोबांचा डॅशबोर्ड म्हणजे ती भिंत. बंदुकीवर एका माणसाची नाही, पंधरा-वीस माणसांची नजर होती.

दुसरं म्हणजे कुतूहल मेलेलं होतं. रोज दिसणारी वस्तू मुलांना खुणावत नाही. मला त्या बंदुकीपेक्षा देव्हाऱ्यामागच्या बंद कपाटाचं आकर्षण जास्त होतं. त्यात शेवटी जुन्या सातबाऱ्याच्या नकला निघाल्या.

*

माझं हे चित्र बराच काळ टिकलं. ते मोडलं आमच्याच भावकीतल्या एका काकांनी.

आमची आणि त्यांची एका बांधावरून जुनी कटकट. कोकणात ज्या घरात बांधाची कटकट नाही ते घर बहुधा भाड्याचं असतं, त्यामुळे त्यात विशेष काही नाही. आजोबा गेले 2009 साली. त्यांच्याविषयी सगळे चांगलं बोलतात. शांत माणूस, आवाज चढवला नाही, बांधाचा विषयही चहा पाजून मिटवला. दोन वर्षांपूर्वी त्या काकांशी पडवीत बोलत बसलो होतो. मी आजोबांच्या शांतपणाचं कौतुक केलं. ते हसले आणि म्हणाले, “तुझो आजो बोलायचो गोड. पण तेच्या डोक्यावर ती बंदूक असायची. आमी तिच्याकडे बघीतच बोलायचो.”

आजोबांनी बंदुकीचं नाव कधी काढलं नसणार. माझी खात्री आहे की तसा विचारही त्यांच्या मनात आला नसेल. पण त्यांची बसायची खुर्ची नेमकी खुंट्यांच्या खाली होती आणि समोर बसणाऱ्याला दोन्ही एकदम दिसत. बंदूक आमच्याकडे तोंड करून नव्हती, म्हणून ती आम्हाला घरातली वस्तू वाटली. पलीकडच्या बाकावर बसणाऱ्याला ती वाक्याच्या शेवटचा न उच्चारलेला शब्द वाटत होती. बांध ‘चहा पाजून’ मिटला असं आम्ही म्हणतो. त्यांच्या घरात ती गोष्ट वेगळी सांगतात.

शस्त्र समोर ठेवणं कधीच नुसतं ‘ठेवणं’ नसतं. ठेवणाऱ्याचा हेतू काही असो, बघणाऱ्याला त्यातून काहीतरी सांगितलं जातं. आपला कायदाही हे ओळखतो. 2016च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी बंदूक नेताना ती तिच्या पिशवीत किंवा आवरणात हवी, हातात मिरवायची नाही. 2019च्या दुरुस्तीने लग्नात-मिरवणुकीत आनंदाने गोळीबार करणं हा स्वतंत्र गुन्हा केला, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. म्हणजे चौकात बंदुकीने बोलू नये, असं कायदा म्हणतो. पण घराच्या भिंतीवरून ती काय बोलते हे कायद्याला ऐकू येत नाही. ते आपलं आपण ऐकावं लागतं.

समोर ठेवणं नेहमी धमकीच असतं असंही नाही. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये भाताची लावणी आटोपल्यावर, सप्टेंबरच्या सुरुवातीला, ‘कैलपोळ्द’ नावाचा सण असतो. त्या दिवशी घरातल्या बंदुका पुसून मांडतात, पूजा करतात आणि नळीच्या तोंडाशी एक फूल खोचतात. ते कळलावीचं फूल, आपल्याकडेही श्रावणात कुंपणावर फुलतं ते लाल-पिवळं, ज्वाळेसारखं. कोडव लोकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्याच्या अटीतून सूट आहे. तिला आव्हान दिलं गेलं तेव्हा 2021 साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तिथे बंदूक समोर येते ती सगळ्यांच्याच घरात, एकाच दिवशी. ज्याच्याकडे आहे आणि ज्याच्याकडे नाही असे दोन बाक तिथे समोरासमोर नसतात. आमच्या खोलीत ते होते.

*

16 मे 2021ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. मालवणात होड्या फुटल्या, विजेचे खांब आडवे झाले, आमच्याकडे नऊ दिवस वीज नव्हती. काकांची कलमं पंचवीस वर्षांची होती. त्यांतली अकरा मुळासकट गेली, उरलेल्यांचा आंबा जमिनीवर. वर कर्ज. आदल्या वर्षीच्या टाळेबंदीत पेट्या विकल्या गेल्या नव्हत्या, त्याचंही होतंच.

काका रडले नाहीत, चिडले नाहीत. बागेत जाणं बंद केलं. मग दाढी. मग जेवण अर्ध्यावर सोडून उठायला लागले. आम्ही पुण्या-मुंबईतून फोन करायचो, ते “बरा आसा” म्हणून फोन काकीकडे द्यायचे. जुलैत एका संध्याकाळी, पाऊस लागलेला असताना, ते पडवीत बसून काकीला म्हणाले, “माझी आता कोणाक गरज नाय.”

काकीचं शिक्षण सातवीपर्यंत. मानसशास्त्राचं पुस्तक तिने पाहिलेलं नाही. त्या रात्री काका झोपल्यावर तिने स्टूल ठेवून बंदूक खुंट्यांवरून काढली, जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि माळ्यावर गणपतीच्या मखराच्या सामानामागे सरकवली. काडतुसं पेटीतून काढून तांदळाच्या पिंपात, तळाशी. सकाळी काकांनी रिकाम्या खुंट्यांकडे पाहिलं. काकी म्हणाली, दुरुस्तीला दिली. काकांनी पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या कुठल्याही वर्षी त्यांनी दहा प्रश्न विचारले असते.

काकीने केलं ते बरोबर होतं. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. इस्रायलच्या सैन्यात तरुण सैनिक आठवडाअखेरीला घरी जाताना आपली बंदूक सोबत नेत. 2006 साली ठरलं की ती तळावरच ठेवायची. एवढ्या एका बदलानंतर अठरा ते एकवीस वयाच्या सैनिकांतल्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाल्या. घट मुख्यतः आठवडाअखेरची होती, इतर दिवसांत फारसा फरक नव्हता. ‘ज्याला जीव द्यायचाच आहे तो काहीही करून देईल’ असं आपण किती सहज बोलतो. ते खरं असतं तर ही घट दिसायला नको होती. ती लाट बहुतेकदा काही मिनिटांची, काही तासांची असते. त्या वेळात साधन हाताशी नसलं तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुढे जगतात. काकीला ही आकडेवारी माहीत नव्हती. तिला काका माहीत होते.

कायद्याच्या नजरेने मात्र हा घोळच होता. परवाना ज्याचा, ताबा त्याचा. बंदूक घरात ठेवायची नसेल तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करता येते. पण जमा कोण करणार? ज्याचा परवाना तो माणूस अंथरुणातून उठत नव्हता. आणि ठाण्यात कुणी विचारलं, “का हो?” तर काकी काय सांगणार होती? परवान्यासाठी मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ‘काकांचं डोकं फिरलंय’ हे वाक्य ठाण्यातून बाजारात आणि बाजारातून वाडीत यायला अर्धा दिवस पुरतो. त्यामुळे तिने बंदूक लपवली, बंदूक लपवल्याचं लपवलं आणि ती का लपवली हेही लपवलं. आम्हालाही सांगितलं नाही. माझ्या वडिलांना, म्हणजे काकांच्या सख्ख्या भावालाही नाही.

ऑक्टोबरपासून काकांना तालुक्याबाहेरच्या एका डॉक्टरांकडे नेऊ लागले. गावात सांगितलं, पाठीचं दुखणं आहे. गोळ्यांनी, बोलण्याने, आणि नव्या कलमांना पालवी फुटल्याने, काका हळूहळू माणसांत आले.

*

2022च्या गणपतीला आम्ही सगळे गावी होतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटवी बांधायची गडबड. ताईचा मुलगा सात वर्षांचा. मखराचं सामान काढायला त्याला माळ्यावर चढवला, कारण तो एकटाच तिथे उभा राहू शकत होता. तो वरून एकेक वस्तू खाली देत होता, थर्माकोल, झिरमिळ्या, दिव्यांची माळ. मग थोडा वेळ शांतता. मग त्याचा आवाज, “मामा, ही खरी आहे का?”

मी वर पाहिलं. लुगडं सुटलेलं, दस्ता त्याच्या काखेत, आणि नळी माळ्याच्या कडेवरून खाली. माझ्याकडे.

नंतर कळलं की ती रिकामी होती. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. ताईला माहीत नव्हतं. ज्या मुलाच्या हातात ती होती त्याला तर बंदूक म्हणजे मोबाइलवरच्या खेळातली वस्तू. नळीतून पलीकडचा उजेड त्याला कुणी दाखवला नव्हता. एकट्या काकीला माहीत होतं आणि ती चुलीपाशी होती. मी त्याला म्हणालो, “खाली ठेव, हळू.” त्याने ठेवली. एवढंच झालं. पण ते ‘एवढंच’ आठवून मला आजही रात्री जाग येते.

आणि दारात काका उभे होते.

“ही खंय होती?” त्यांनी विचारलं. कुणी बोललं नाही. काकी पदराला हात पुसत आली. “तू तर म्हणालंस दुरुस्तीक दिली,” काका म्हणाले. काकी म्हणाली, “तेव्हा तुमका सांगूचो धीर होऊक नाय.” काकांनी बंदूक मोडून नळी पाहिली, बंद केली आणि खळ्यात जाऊन बसले. गणपती दुसऱ्या दिवशी यायचाच होता, तो आला. आरत्या झाल्या. काका दोन दिवस कुणाशी फार बोलले नाहीत. त्यांना कळलं होतं की वर्षभर आपल्याच घरात आपल्यापासून काहीतरी लपवलं जात होतं, आणि ते का, हेही.

पाच दिवसांचा गणपती गेल्यावर ते काकीला म्हणाले, “लपवलंस ता बरा केलंस. पण नंतर तरी माका सांगूक व्हया होता.”

हे वाक्य मी तीन वर्षं डोक्यात घोळवतो आहे.

*

संगणकाच्या सुरक्षेत एक जुनं तत्त्व शिकवतात. 1883 साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स नावाच्या भाषातज्ज्ञाने सैन्याच्या सांकेतिक लिपीविषयी लिहिताना ते मांडलं. लिपीची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी काही बिघडता कामा नये, गुपित असावी ती फक्त किल्ली. पद्धतच गुपित ठेवून सुरक्षित राहू पाहणारा माणूस, ती उघड झाली त्या दिवशी पूर्ण उघडा पडतो. काकीचं माळ्यावरचं गाठोडं असं होतं. त्याची सगळी सुरक्षितता ‘कुणाला माहीत नाही’ यावर टेकली होती. ज्या क्षणी सात वर्षांच्या मुलाला माहीत झालं त्या क्षणी मधे कडी नव्हती, कुलूप नव्हतं, जवळ कुणी मोठं माणूस नव्हतं.

आजोबांचं नेमकं उलट. बंदूक सगळ्यांना माहीत, किल्ली फक्त करगोट्याला. केर्कहॉफ्सने शाबासकी दिली असती. पण किल्ली ज्याच्या कमरेला, तोच माणूस खचला तर काय, याचं उत्तर आजोबांच्या पद्धतीत नव्हतं. काकांच्या वेळी पेटीची किल्ली काकांकडेच होती. काकीने ती झोपलेल्या नवऱ्याच्या कमरेवरून काढली. कुलूप बाहेरच्यासाठी असतं. घरच्या माणसाला त्याच्या स्वतःपासून वाचवायचं असेल तर किल्ली दुसऱ्या कुणाकडे असावी लागते, आणि ती तिथे आहे हे त्याला कबूल असावं लागतं.

महाभारतात हाच पेच आहे असं मला अलीकडे वाटतं. अज्ञातवासाला निघताना पांडव आपली शस्त्रं विराटनगराबाहेर शमीच्या झाडावर बांधून ठेवतात. नुसती बांधत नाहीत, फांदीला एक प्रेतही बांधतात, म्हणजे कुणी जवळ फिरकू नये. गुराख्यांना सांगतात, ही आमची एकशे ऐंशी वर्षांची आई, आमच्या कुळाची रीतच अशी आहे. लपवायचं तर खोटं सांगावं लागतं आणि खोटं टिकवायला प्रेत लागतं. काकीचं ‘दुरुस्तीला दिली’ आणि आमचं सगळ्यांचं ‘पाठीचं दुखणं’, ही आमच्या झाडावरची प्रेतं.

पण कथेत पुढे आणखी एक आहे. शस्त्रं खाली काढायची वेळ येते तेव्हा बृहन्नडेच्या वेशातला अर्जुन राजपुत्र उत्तराला झाडावर चढवतो. पोर घाबरलेलं. ते धनुष्यं पाहून विचारतं, हे कुणाचं, ते कुणाचं? आणि अर्जुन एकेकाचं नाव सांगतो, ही धनुष्यं कुणाची आणि ती इथे का आहेत ते सांगतो. माझा भाचा माळ्यावर चढला तेव्हा खाली मी उभा होतो आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. पाचही पांडवांना झाडाची जागा माहीत होती. आमच्याकडे ती एकीलाच माहीत होती.

म्हणून मी अशा मतावर आलो आहे. बंदूक दिसावी की नाही यात मला फारसा अर्थ उरलेला नाही. मी दिसू नये असंच म्हणेन, त्या बाकावरून आजोबांकडे बघणाऱ्यांसाठी. पण ती आहे ही गोष्ट घरात कुणापासून लपलेली नसावी, मुलापासून तर मुळीच नाही. आणि तिच्यापर्यंत पोचायला घरातल्या एकट्या माणसाला, मग तो परवानाधारक का असेना, आपल्या एकट्याच्या मनावर जमू नये. बंदूक आणि काडतुसं यांच्यात दोन कुलपं, दोन जागा असाव्यात आणि वेळ आली तर तिसरा माणूस. ही वेळ आली हे म्हणण्याची घरात मुभा असावी. सगळ्यात अवघड हे शेवटचं आहे. पोलादी कपाट पैसे देऊन मिळतं. ‘मला सध्या बरं वाटत नाही, ती बाहेर ठेवा’ असं म्हणता येईल असं घर मिळत नाही, ते करावं लागतं.

यावर आक्षेप येईल की मग कपाट-किल्ल्यांचा एवढा खटाटोप कशाला, बंदूकच नको. शहरात बसून मला हे चटकन पटतं. पण डुकरं खरी आहेत. रात्री कुणग्यात पत्र्याचा डबा वाजवत बसणारा माणूस साठीचा आहे आणि त्याचा पुतण्या पुण्यात वातानुकूलित खोलीत बसून नैतिक प्रश्नांवर लिहितो आहे. वाडीतल्या दोन घरांत आजही परवान्याच्या बंदुका आहेत, आणि त्यांनी बार काढला की आमचंही भात वाचतं. ‘आमच्या घरात नको’ म्हणताना मी दुसऱ्याच्या घरातल्या धोक्यावर आपली शेती राखतो आहे, हे मला विसरता येत नाही.

*

2022च्या सप्टेंबरात काका स्वतः बंदूक घेऊन परवानाधारक विक्रेत्याकडे गेले आणि जमा करून पावती घेऊन आले. मी सोबत होतो. विक्रेत्याने कारण विचारलं. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, “माका बरा नव्हता.” विक्रेत्याने मान डोलावली आणि लिहून घेतलं. वर्षभर ज्या प्रश्नाला सगळं घर भीत होतं तो असा अर्ध्या मिनिटात आटपला. दुसऱ्या गावात, दुसऱ्या टेबलावर तो असा आटपला नसता हेही मी जाणून आहे.

आता प्रश्न माझ्यापाशी आला आहे. 2016च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं की ते हयातीतच वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. काकांची पंचवीस वर्षं झाली. त्यांना मूल नाही. ते म्हणतात, ओरोसला जाऊन अर्ज कर, तुझ्या नावावर घे, आजोबांची वस्तू आहे. वडील गप्प आहेत. काकी म्हणते, “तुझा तू बघ.” तिच्या तोंडी याचा अर्थ ‘नको’ असा होतो.

मी नाही म्हणायचं ठरवलं आहे. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मला कुठली शेती राखायची नाही, आणि गावच्या रिकाम्या खोलीत पर्यटकांच्या डोक्यावर मला ती टांगायची नाही. माझ्या मैत्रिणीला हव्या असलेल्या खोट्या बंदुकीचा राग मला का आला, ते आता कळतं. खरी बंदूक निदान आपल्याबरोबर काही जबाबदाऱ्या घेऊन येते. खोटीकडे फक्त रुबाब असतो. शिवाय तिच्याखाली फोटो काढणाऱ्या पाहुण्याला त्या खुंट्यांची गोष्ट कळणार नाही.

पण नाही म्हणताना कारण मात्र लपवायचं नाही, एवढं मी स्वतःला बजावलं आहे. ‘पुण्यात परवान्याची कटकट होते’ असं म्हणून सुटता येईल, काकाही मान डोलावतील. ते आमच्या झाडावरचं आणखी एक प्रेत होईल. मी त्यांना सांगणार आहे की मला भीती वाटते. माझ्या कामात माणसं रात्र-रात्र जागतात, दोन वर्षांपूर्वी मीही दोन महिने नीट झोपलो नव्हतो आणि ते घरी कुणाला सांगितलं नव्हतं. अशा दिवसांत ती माझ्या कपाटात असावी असं मला वाटत नाही.

यंदा दसरा 2 ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्या दिवशीच आला आहे. पाटावर कोयता, फाळ, आडाळो आणि माझा लॅपटॉप असेल. काकांशी तेव्हाच बोलायचं ठरवलं आहे.

मागच्या आठवड्यात नागपूरचं एक कुटुंब राहायला होतं. त्यांच्या मुलीने खुंट्यांकडे बोट दाखवून विचारलं, तिथे काय होतं? मी काहीतरी सांगणार, तेवढ्यात काका म्हणाले, “बंदूक होती. मला मध्ये बरं नव्हतं, म्हणून घराबाहेर ठेवली.” तिने विचारलं, “आता बरं आहे?” काका म्हणाले, “आता बरं आहे.” मग तिने नाश्त्याला काय आहे ते विचारलं. घावणे होते.